बाजारात नसलेलं औषध

हिऱ्याला स्वतःचा उजेड नसतो. खिडकीतून, झुंबरातून, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून जो काही येईल तो उजेड तो आत ओढून घेतो, पैलूंच्या भिंतींवर खेळवत ठेवतो आणि मग असा उधळून देतो की पाहणाऱ्याला वाटावं, हा याच्याच पोटातून उगवला. ज्युबिली हिऱ्याचं छायाचित्र मी पुष्कळदा समोर घेऊन बसते. १८९५ साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतून निघाला, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचं नाव ल्याला, पैलू पाडल्यावर २४५ कॅरटचा भरला, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, आणि साता समुद्रांवरून मुंबईच्या एका पारशी घरात येऊन उतरला. दोराबजी टाटांनी तो आपल्या पत्नीसाठी घेतला होता. मेहरबाईंसाठी. साडी नेसून टेनिसच्या कोर्टावर धावणाऱ्या, १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या, बालविवाहाविरुद्ध तळमळून बोलणाऱ्या मेहरबाईंसाठी. त्याच १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायच्या बेताला आला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेत तारण ठेवली, आणि तिच्यात हा हिराही गेला. कारखाना तरला. हिरा घरी परत आला. माणसाला वेढून टाकणारी संकटं पैशानं सुटतात, असं त्या घराला त्या दिवशी वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

१९३१च्या जूनमध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात मेहरबाई गेल्या. ल्युकेमियानं. वय ५१.

मी त्या खोलीची कल्पना करत बसते. उत्तरेकडचा लांबलचक उन्हाळी संधिप्रकाश, रात्री उशिरापर्यंत न मावळणारा. पांढऱ्या चादरीवर पांढरी पडत गेलेली बाई. आणि खुर्चीत बसलेला सत्तरी ओलांडलेला नवरा, ज्याच्या एका सहीवर आगबोटी हलत होत्या, भट्ट्या पेटत होत्या, ज्याला जगातला कुठलाही डॉक्टर बोलावता आला असता, कुठलंही औषध कुठल्याही भावानं मागवता आलं असतं, आणि ज्याला त्या संध्याकाळी उमगलं असेल की भाव करायला समोर कुणी उभंच नाही, दुकान नाही, फळी नाही, बाटली नाही, तिच्यावरचं नाव नाही.

विकत घ्यायला काही नव्हतंच.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्याच्या उत्पन्नातले पाचातले चार वाटे जगभरात कुठंही चाललेल्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, आणि एक वाटा भारतातल्या संशोधकांसाठी. मला ही वाटणी फार हलवते. बायकोच्या नावानं घाट बांधता आला असता, धर्मशाळा बांधता आली असती, संगमरवरी पुतळा उभारता आला असता. या माणसानं बांधला तो एक प्रश्न. जो प्रश्न त्याच्या उशाशी येऊन बसला होता आणि ज्याचं उत्तर आलं तरी त्याच्या उपयोगाचं नव्हतं, तो प्रश्न त्यानं जगातल्या अनोळखी माणसांच्या हाती, पैशांसकट, सोपवला. त्यानंतर दोन महिनेही गेले नाहीत. बायकोच्या पहिल्या वर्षश्राद्धासाठी तिच्या थडग्याकडे निघालेले दोराबजी वाटेतच, जर्मनीतल्या बाट किसिंगेनला, ३ जून १९३२ रोजी वारले. इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या दफनभूमीत ते दोघं शेजारी शेजारी आहेत. हिरा विकला गेला आणि त्याचे पैसे दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीला मिळाले. परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला उघडलं ते याच संपत्तीतून.

आणि ल्युकेमियावरचं पहिलं खरं औषध? ते यायला १९४७ साल उजाडावं लागलं. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी मरणपंथाला लागलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन टोचलं आणि काही मुलं, थोड्या महिन्यांपुरती का होईना, उठून खेळायला लागली. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातले. तरुणपणी त्यांनी स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजारात सख्खा भाऊ गमावला होता. त्याच आजाराशी नातं सांगणाऱ्या फॉलिक आम्लाच्या मागे ते लागले, आणि त्या वाटेवर, त्या आम्लाला अडवणारी ही वस्तू हाती आली. भाऊ गेला एका आजारानं. वाचली ती भलत्याच आजाराची, भलत्याच देशातली पोरं. संशोधनाला पत्ता सांगून पाठवता येत नाही.

माझ्या विजूमावशीला हे सगळं मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे टाटांचं आणि आपलं सारखंच झालं म्हणायचं."

मावशीचा मिहिर कॉलेजात होता. मांडीत एक गाठ, न दुखणारी, मऊसर, फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून महिनोन्महिने शेकलेली. तिचं नाव आम्ही घरात पाठ करून म्हणायला शिकलो : अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. सार्कोमा मुळातच थोडे, आणि त्या थोड्यांतल्या दोनशेंमध्ये एखादा हा. बहुधा विशीच्या आसपासच्या पोरांना होणारा, सावकाश वाढणारा आणि मांडीत असतानाच कधीतरी गुपचूप फुप्फुसात जाऊन बसणारा. डॉक्टर चांगले होते, समोर बसवून समजावणारे होते. त्यांनी कागदावर पेननं आकृती काढली, गाठ काढता येईल म्हणाले, आणि मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "नेहमीची केमो या गाठीला लागू पडत नाही." मावशीनं विचारलं, "मग कुठली लागू पडते?"

ते टोपण लावल्याचा बारीक आवाज मला अजून ऐकू येतो.

काकांनी घर विकायची तयारी दाखवली होती. मामा गावाकडच्या जमिनीचं बोलला. सोसायटीतल्या लोकांनी पाकिटं आणून दिली, मिहिरच्या मित्रांनी मोबाइलवरून आवाहन फिरवलं, चार दिवसांत एवढे पैसे जमले की मावशी घाबरली. पण हे सगळं ज्याच्यासाठी होतं ते दुकान बंदच होतं. आपल्याकडे वर्गणी निघते ती उपचारासाठी, आणि ते रास्तच आहे. ज्याचं पोर ऑक्सिजनवर आहे त्यानं आधी सिलिंडर आणायचा की पेशींचा अभ्यास करायचा? तरीही दुर्मीळ कॅन्सर झालेल्या घराला एक दिवस असा येतो की हातात पैसे आहेत, माणसं आहेत, जीव ओवाळून टाकायची तयारी आहे, आणि ते ठेवायला जागा नाही. २०१७च्या पावसाळ्यात मिहिर गेला. मित्रांनी जमवलेल्यातले बरेच पैसे उरले होते. काकांनी ते ज्याचे त्याला परत करायला वही काढली, आणि एकानंही परत घेतले नाहीत.

ती वही पुढं मावशीच्या हातात आली.

मावशी डोंबिवलीला राहते. तिच्या हातचं उपासाचं लिंबाचं गोड लोणचं आमच्या सबंध गोतावळ्यात प्रसिद्ध, आणि मिहिर ते साबुदाण्याच्या खिचडीबरोबर तर खायचाच, पण रात्री अभ्यासाला बसला की नुसतं, बोटानं चाटत. तो गेल्यावर पहिला हिवाळा तिनं लोणचं घातलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात घातलं, आणि एकदम एवढं घातलं की मोठ्या बरण्या शेजाऱ्यांकडून आणाव्या लागल्या. आम्ही बहिणी मदतीला गेलो. पातळ सालीची कागदी लिंबं आदल्या रात्री धुऊन, एकेक पुसून, जुन्या धोतराच्या तुकड्यावर पसरलेली. सकाळी सात-आठ बायका गॅलरीत पाट मांडून बसलेल्या. सुरीखाली साल फुटली की तिच्यातून एक तलम फवारा उडायचा आणि तिरप्या उन्हात क्षणभर दिसायचा. बी काढायची, नाहीतर कडवट होतं. एका लिंबाच्या आठ फोडी. थोड्या वेळानं नखांच्या कडा चरचरायला लागायच्या, आणि ज्या बाईला नखाशी कुठं कापलेलं असेल ती हळूच 'स्स' करून पुन्हा सुरी उचलायची. कुणी रडत नव्हतं. मिहिरच्या खोड्यांबद्दल बोलणं चाललं होतं, आणि मला आठवतं, त्याच्या जाण्यानंतर मावशीच्या घरात त्याचं नाव इतक्या मोठ्यानं, इतक्या वेळा, इतक्या सहज तोंडांतून प्रथमच निघत होतं. बरण्यांना दादरे बांधले, मीठसाखरेत ती लिंबं उन्हं खात पडली, आणि सालीचा पांढुरका रंग उतरून आतून मधासारखी व्हायला त्यांनी घ्यायचा तेवढा वेळ घेतला. मावशीनं घाई केली नाही. मग बाटल्या भरल्या, विकल्या, आणि त्या वहीतले पैसे आणि हे पैसे एकत्र करून ती एका रुग्णालयाच्या देणगीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"गरीब रुग्णांसाठी ना?" आतल्या माणसानं विचारलं.

"संशोधनासाठी," मावशी म्हणाली. "सार्कोमाच्या."

आता ती दरवर्षी जाते. आतला माणूस तिला ओळखतो.

ॲलेक्स स्कॉट या मुलीबद्दल मी त्यानंतर कधीतरी वाचलं, आणि कनेटिकटमधल्या एका अंगणात मला आमची गॅलरी दिसली. ॲलेक्स जन्मली १९९६च्या जानेवारीत. पहिला वाढदिवस व्हायच्या आतच तिला न्यूरोब्लास्टोमा असल्याचं कळलं. हा बाळांचा कॅन्सर, पोटात असताना ज्या कोवळ्या पेशींपासून मज्जातंतू घडायचे त्याच पेशी वाट चुकल्या की होणारा. चालता येईल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. चौथ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर मूळ पेशींचं रोपण झालं, आणि रुग्णालयात पडल्या पडल्या तिनं आईला सांगितलं, घरी गेले की मला लिंबू सरबताचं दुकान मांडायचंय. आईला वाटलं, काही खेळणं हवं असेल. पण तिला ते पैसे डॉक्टरांना द्यायचे होते, इतर मुलांना बरं करण्यासाठी.

२०००च्या उन्हाळ्यात अंगणात टेबल लागलं. मोठा भाऊ मदतीला. एका दिवसात २,००० डॉलर.

त्या टेबलावरच्या पेल्यांकडे मी मनातल्या मनात टक लावून पाहते. सरबताचा रंग म्हणजे जवळजवळ रंगच नव्हे, पाण्याला उन्हाची आठवण झाल्यासारखं काहीतरी. पेल्याबाहेर घाम फुटलेला, आतून उजेड आरपार गेलेला. मागे उभी असलेली मुलगी टेबलापेक्षा फार उंच नाही. ती दुसऱ्यांच्या मुलांविषयी बोलते आहे आणि तिच्या स्वतःच्या पोटात तो आजार अजून आहे. पुढं ते कुटुंब उपचारांसाठी फिलाडेल्फियाला राहायला गेलं, आणि टेबल दर उन्हाळ्यात लागत राहिलं. २००४च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत तिच्या नावानं टेबलं लागली, कारण तिला १० लाख डॉलर जमवायचे होते. ते जमले. १ ऑगस्टला ती गेली. आठ वर्षांची होती.

आई-वडिलांनी पुढच्याच वर्षी तिच्या नावानं संस्था काढली, ती आजही चालते. फिलाडेल्फियाच्या ज्या बालरुग्णालयात तिच्यावर उपचार झाले तिथल्याच याएल मोसे आणि जॉन मॅरिस यांच्या गटानं २००८ साली एक शोध 'नेचर'मध्ये छापला. काही घराण्यांत न्यूरोब्लास्टोमा पिढ्यान् पिढ्या उतरतो; त्या घरांनी आपलं रक्त दिलं, आणि त्या रक्तातून एएलके नावाच्या जनुकातला बिघाड हाती लागला. त्याच जनुकाला अडवणारं एक औषध मोठ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तयार होत होतं. ते मुलांवर तपासायची वाट उघडली. शास्त्रीय निबंधाच्या शेवटी बारीक टायपात आभार मानलेले असतात, जे कुणी वाचत नाही. त्या बारीक टायपात लिंबू सरबताच्या त्या संस्थेचं नाव आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एका निबंधाच्या तळाशी एक अंगण, एक भाऊ, एक बर्फाचा डबा, आणि थांबून पेला घेणारी सगळी अनोळखी माणसं.

दुर्मीळ कॅन्सरचं गणित क्रूर आहे. युरोपात लाखात वर्षाला सहापेक्षा कमी माणसांना होणाऱ्या कॅन्सरला दुर्मीळ म्हणतात. एकेकटे ते कुणाच्या खिजगणतीत नसतात, पण सगळे मिळून कॅन्सरच्या पाचातल्या एकाहून अधिक रुग्णांचे वाटेकरी होतात. रुग्ण थोडे म्हणून औषध कंपनीला गिऱ्हाईक थोडं. गाठी थोड्या म्हणून प्रयोगशाळेत वाढवायला पेशी नाहीत. पेशी नाहीत म्हणून प्रयोग नाही, प्रयोग नाही म्हणून अनुदान नाही. या बंद वाड्याचं दार उघडायला कुणीतरी बाहेरून धडका द्यायच्या असतात, आणि त्या बहुतेक वेळा घरची माणसं देतात. इलाना सायमनला बाराव्या वर्षी यकृताचा फायब्रोलामेलर कॅन्सर झाला. हा कॅन्सर तरण्याताठ्या, एरवी ठणठणीत पोरांना होतो. शस्त्रक्रियेनं ती वाचली, आणि शाळेत असतानाच, न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात काम करणाऱ्या वडिलांच्या प्रयोगशाळेत, आपल्याच आजाराच्या मुळाशी गेली. इतर रुग्णांच्या गाठी मिळवल्या. पंधरा जणांच्या गाठी तपासल्या, आणि पंधराही गाठींत तोच एक बिघाड निघाला : दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली. २०१४ साली ते 'सायन्स'मध्ये आलं. मुलीच्या पोटात जे वाढलं ते काचेखाली ठेवून बाप-लेक शेजारी शेजारी बसून पाहताहेत, हे चित्र मला कुठल्याही देवघरातल्या चित्राइतकं पवित्र वाटतं.

आणि काही घरं पैशांहून अवघड असं काही देतात. मुलांच्या मेंदूच्या देठात एक गाठ होते, तिथं सुरी नेता येत नाही. वर्षानुवर्षं तिचा तुकडा काढून तपासणंही फार धोक्याचं मानलं जाई. मग काही आई-बापांनी, लेकरू गेल्यावर, त्या पहिल्या काही तासांत, जेव्हा माणसाला स्वतःचं नावही धड सांगता येत नसतं, तेव्हा सही करून ती गाठ संशोधकांना दिली. अशा देणग्यांतून त्या पेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेत जगल्या. २०१२ साली त्या गाठींमधला मूळ बिघाड सापडला, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये तो बिघाड असलेल्या गाठींसाठीच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते औषध काही महिन्यांचंच आयुष्य वाढवत असेल. काही मुलांचंच. पण फळीवर आता एक बाटली आहे, तिच्यावर नाव आहे.

मावशीला मी हेही सांगितलं. सही केलेल्या आयांचं ऐकून ती उठली आणि उगाचच ओटा पुसत राहिली.

कनेटिकटमध्येच एडवर्ड आणि बार्बरा नेटर या नवरा-बायकोची सून स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती. २००१ साली त्यांनी जनुकीय उपचारांच्या संशोधनासाठी संस्था काढली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून नावाचे डॉक्टर रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशींना नवी ओळख शिकवून ल्युकेमियावर सोडायचं म्हणत होते, आणि त्यांना रुग्णांवरच्या चाचणीसाठी सरकारी अनुदान मिळत नव्हतं. नेटर कुटुंबाच्या संस्थेनं पैसे दिले. २०१२च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या त्याच बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला त्या पेशी दिल्या. ती तापानं फणफणली, कृत्रिम श्वासावर गेली, सगळ्यांनी आशा सोडली. तेव्हा तिच्या रक्तात भलताच वाढलेला एक घटक पाहून कार्ल जून यांना एक संधिवाताचं औषध आठवलं. ते त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. एमिली जागी झाली ती तिच्या सातव्या वाढदिवशी.

सुनेच्या मरणानं पैसे दिले, मुलीच्या दुखण्यानं औषध सुचवलं, आणि जगली ती तिसऱ्याच घरची पोर.

ती वाट पुढं कुठं आली माहीत आहे? खारघरला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्रानं मिळून त्याच तत्त्वावरची देशी उपचारपद्धती घडवली. २०२१च्या जूनमध्ये खारघरच्या केंद्रात ती पहिल्यांदा रुग्णाला दिली गेली, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिला मान्यता मिळाली. ल्युकेमियाच्या काही प्रकारांवर. परदेशात जे काही कोटींना पडतं ते इथं लाखांत आलं, तरी ते लाखही पुष्कळांच्या आवाक्याबाहेरच आहेत. मेहरबाईंच्या खोलीत जे नव्हतं ते त्यांच्या घरानं उभारलेल्या संस्थेच्या आवारात यायला नव्वद वर्षं लागली. पिशवीतून थेंब थेंब उतरणाऱ्या त्या पेशी दिसायला अगदी साध्या, किंचित गढूळ पाण्यासारख्या.

तरीही माझ्या मनात एक कढ राहतोच, आणि तो मी लपवणार नाही. परळच्या फुटपाथवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली घेऊन बसलेली माणसं मी पाहते, बिहारमधून, बंगालमधून, आपल्याच बीड-नांदेडातून आलेली. पोराच्या डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, बाप भिंतीला टेकून पेंगतो आहे. यांच्यातल्या एखाद्याचा आजार इतका दुर्मीळ असेल की त्यावर जगात चारच माणसं काम करत असतील. यांच्यासाठी टेबल कुणी मांडायचं? ज्या घरात शोक करायलाही रजा मिळत नाही, परतीच्या गाडीचं तिकीट काढायचं असतं, त्या घराला निधी उभा करायला सांगणार? मुलाचा हसरा फोटो असेल, आईला इंग्रजी येत असेल, शेजारी धनवान असतील तर त्या आजाराचं नशीब उघडणार, हे मला मान्य होत नाही. हा भार सरकारचा आहे, तुमच्या-माझ्या करांचा आहे. घरच्यांनी प्रेमानं उचलला म्हणून तो त्यांचाच आहे असं कुणी समजू नये.

२०२२च्या डिसेंबरात एक बातमी आली. मिहिरला झाला होता त्याच सार्कोमासाठी, नेमक्या त्याच नावाच्या, अमेरिकेत अटेझोलिझुमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली होती. दोन वर्षांच्या मुलापासून मोठ्यांपर्यंत, आजार पसरला असेल तर किंवा शस्त्रक्रिया होण्याजोगी नसेल तर. सगळ्यांना लागू पडतं असं नाही. पण ज्यांना पडतं त्यांच्या फुप्फुसातल्या गाठी आक्रसतात. बातमी वाचून मी फोन हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. पाच वर्षं. मिहिर आणि ती बातमी यांच्यामध्ये पाच पावसाळे होते. मग डोंबिवलीची गाडी पकडली, कारण हे फोनवर सांगायचं नव्हतं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. औषधाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहिलं.

"किती जणांवर करून बघितलं?"

"पन्नासेक."

"जगभरात?"

"तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं केलं. वर्षानुवर्षं एकेक रुग्ण शोधून जमवले."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या काचांवर संध्याकाळचं ऊन चढत होतं आणि ते आमच्या भिंतीवर, मिहिरच्या पुस्तकांच्या कपाटावर, तिच्या पिकल्या केसांवर परतून येत होतं. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. आनंद म्हणावा तर डोळे भरलेले, दुःख म्हणावं तर मान ताठ. मी तिचा हात धरला. तळवा खरखरीत, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा.

"आता पुढच्या पोराच्या आईला ते 'काही नाही' म्हणणार नाहीत ना गं?" ती म्हणाली.

"नाही म्हणणार, मावशी. पण इथं मिळणं, परवडणं..."

"ते वेगळं. त्यासाठी भांडता येतं. नसलेल्या वस्तूसाठी कुणाशी भांडणार?"

मग तिनं वहीची पानं मागं-पुढं केली. गेल्या वर्षीचा हिशेब, बाटल्या, साखर, पोस्टाचा खर्च. मिहिरच्या आजारावर आता काहीतरी निघालं आहे, तर यंदाचे पैसे कशासाठी द्यायचे, असा तिचा प्रश्न होता. मी म्हटलं, त्याच आजारावर अजून पुष्कळ बाकी आहे. ते तिला पटलं, तरी ती म्हणाली, सार्कोमाचे सत्तरएक प्रकार आहेत म्हणतेस ना, त्यांतला ज्याच्यावर सगळ्यात कमी काम झालंय तो कुठला, ते डॉक्टरांना विचारून ये. त्याच्यासाठी यंदाची पावती करू. मी विचारीन म्हटलं. तिनं पेन्सिलीनं समासात तशी नोंद केली, वही मिटली आणि म्हणाली, "रविवारी ये. बरण्या धुवायच्यात, आणि बाजारात लिंबं स्वस्त झालीत."

मी येते म्हटलं. बहिणीला, सुमालाही घेऊन येईन म्हटलं, तिचा हात भराभर चालतो.